'डेड' बोर्ड आणि चरकाची तीन प्रमाणे

बटण दाबले तरी दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, अशा लॅपटॉपला दुरुस्तीच्या बाजारात एकच शब्द आहे : 'डेड'. हा शब्द म्हणजे निदान नव्हे, केवळ लक्षणाला दिलेले नाव आहे. तरीही या एका शब्दावर वालूर, सेलू, मानवत परिसरातल्या किती घरांतले लॅपटॉप माळ्यावर जाऊन पडतात. नव्या मदरबोर्डाचा खर्च पुष्कळदा जुन्या लॅपटॉपच्या किमतीला भिडतो. शिकणाऱ्या मुलाचे एकुलते यंत्र असे गेले, तर वर्ष हातचे जाण्याची पाळी येते. म्हणून 'डेड' या शब्दाच्या पलीकडे कसे जावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग जाणण्याची तीन साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. त्यांचा क्रमही दिला आहे. आधी जाणत्याच्या वचनातून ज्ञान घ्यावे, मग प्रत्यक्ष आणि अनुमान यांनी परीक्षा करावी. ही चौकट मदरबोर्डाला नेमकी लागू पडते.

आप्तोपदेश म्हणजे येथे वीज कोणत्या क्रमाने चढते याचे ज्ञान. अडॅप्टरमधून साधारण १९ व्होल्ट येतात. जॅकनंतर बहुधा दोन मॉसफेट असतात. ती दारे उघडली की वीज बोर्डाच्या मुख्य लाइनवर पोहोचते. त्या लाइनपासून ३.३ आणि ५ व्होल्टचे 'स्टँडबाय' पुरवठे तयार होतात. बटण दाबण्याआधी किमान ३.३ व्होल्ट तरी हजर असावेच लागतात, कारण बटणाकडे लक्ष ठेवणारी आयओ चिप त्यांवरच जागी राहते. बटण दाबताच त्या तारेवरचे व्होल्टेज क्षणभर शून्यावर येते आणि आयओ चिप चिपसेटला उठवते. चिपसेटशेजारी सेकंदाला ३२,७६८ ठोके देणारा स्फटिक असतो. तो थांबला तर पुढचे सारे अडू शकते. चिपसेटने परवानगी दिल्यावर रॅमचे, इतर विभागांचे आणि शेवटी प्रोसेसरचे व्होल्टेज उभे राहते. प्रत्येक विभागाने 'माझे ठीक आहे' असा संकेत दिला की रिसेट सुटतो आणि प्रोसेसर बायोस चिपमधली पहिली आज्ञा वाचतो.

वालूरची चक्राकार बारव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा क्रम सहज उमगेल. तिच्या पायऱ्या वळत वळत पाण्याकडे उतरतात. बोर्डावरही वरची पायरी असल्याशिवाय खालची मिळत नाही. फरक इतकाच, की येथे तुटलेली पायरी डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावी लागते.

हे मोजणे म्हणजे प्रत्यक्ष. प्रथम डोळ्यांनी पाहावे : पाण्याचा डाग, हिरवट गंज, फुटलेला कपॅसिटर. मग अडॅप्टरऐवजी करंट दाखवणारा डीसी पॉवर सप्लाय, करंटची मर्यादा कमी ठेवून, जोडावा. काटा शून्यावरच राहिला, तर वीज बहुधा दारातच अडली आहे. जॅक, फ्यूज आणि पहिली मॉसफेट तपासावीत. बटण न दाबता करंट एकदम चढून व्होल्टेज कोसळले, तर मुख्य लाइन शॉर्ट आहे. अँपिअरचा अगदी लहान अंश दिसला, बटण दाबल्यावर वाढला आणि पुन्हा खाली पडला, तर पुढच्या एखाद्या विभागाने नकार दिला आहे.

यापुढे अनुमान. एका लाइनवर डझनावारी कपॅसिटर समांतर जोडलेले असतात. त्यांतला एक शॉर्ट झाला की मीटर सगळ्यांवरच बीप देतो. मग त्या लाइनवर साधारण एक व्होल्ट, मर्यादित करंटसह देतात आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडतात. दोषी भाग तापतो आणि त्यावरचे अल्कोहोल सर्वांत आधी उडते. धुरावरून अग्नी ओळखावा तसे हे आहे.

पण नैयायिकांनी सव्यभिचार हेतूचा जो इशारा दिला, तो येथेही पाळावा लागतो. प्रोसेसरच्या लाइनवर मीटरने बीप दिली म्हणजे शॉर्टच, असे नाही. तिथला रोध मुळातच फार कमी असतो. मॉसफेट तापले म्हणून तेच बिघडले असेही नाही. त्याच्या पुढचा भाग जास्त करंट ओढत असू शकतो. शिवाय वरचे मॉसफेट आरपार झाले असेल, तर १९ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जाऊ शकतात. म्हणून मोजल्यावाचून वीज देऊ नये, आणि कोणत्याही लाइनवर तिच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा जास्त तर कधीच देऊ नये.

आता खरी अडचण. प्रत्यक्षासाठी मीटर मिळतो, अनुमान सरावाने येते. आप्तोपदेश मात्र कुलपात आहे. बोर्डाचा स्कीमॅटिक कंपन्या सहसा आपल्या अधिकृत केंद्रांपलीकडे देत नाहीत. गावातला कारागीर बोर्डावर छापलेला क्रमांक पाहून कुठून तरी प्रत मिळवतो, नाहीतर अंदाजाने चालतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याविषयीचे पोर्टल सुरू झाले. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी हे नियम सांगतात. पण यंत्र कचरा होण्याआधीच वाचवायचे, तर नकाशा कारागिराच्या हाती हवा. चरकाने पहिले ठेवलेले साधनच काढून घेतले, तर उरलेली दोन पांगळी होतात.

तोवर ग्राहकाला एवढे करता येईल. 'बोर्ड डेड आहे' असे कोणी म्हटले, तर तीन प्रश्न विचारावेत : करंट किती दिसतो? ३.३ आणि ५ व्होल्टचे स्टँडबाय पुरवठे आहेत का? कोणती लाइन शॉर्ट आहे? ज्याने खरोखर तपासले आहे, तो उत्तर आनंदाने देईल. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्या 'डेड'वर विसंबून लॅपटॉप भंगारात देण्याची घाई करू नये.