५०१वी नोंद कुठे गेली?

कोड न लिहिता अॅप बनवता येतं, हा मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अॅप्सचा दावा खोटा नाही. स्टोअरमधला एखादा उत्साही माणूस हाताशी लागेल त्या वेळात गेटपासचं अॅप उभं करतो, नोंदी शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये जातात, गेटवरची वही बंद होते. काही महिने सगळं सुरळीत. मग कधीतरी अॅपमधल्या बेरजेचा आणि बाहेर गेलेल्या मालाचा मेळ बसेनासा होतो.

समजा, लिस्टमध्ये ३,२०० गेटपास आहेत आणि वजनाच्या रकान्यावर ‘सम’ लावलाय. आकडा येतो, कुठे एरर नाही. पण ती बेरीज पहिल्या ५०० नोंदींची. बाकीच्या २,७०० अॅपने पाहिलेल्याच नसतात.

होतं असं, की गोदामातला माल निवडायचं काम गोदामवाल्यालाच सांगितलं तर पोती घरी आणावी लागत नाहीत. पॉवर अॅप्सही जमेल तिथे शोधायचं, गाळायचं काम सर्व्हरवर सोपवतं. याला डेलिगेशन म्हणतात. मात्र शेअरपॉइंटला सगळीच सूत्रं झेपत नाहीत. ‘स्टार्ट्सविथ’ चालतं, ‘सर्च’ आणि ‘सम’ नाही. तिथे अॅप ठरावीक नोंदी फोनवर उतरवून स्वतःच हिशेब करतं. ही मर्यादा मुळात ५०० नोंदींची. सेटिंगमध्ये वाढवली तरी २,०००च्या वर जात नाही.

मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही. लाखभर नोंदी मोबाइलवर ओढल्या तर अॅप चालणारच नाही. तक्रार आहे ती मूग गिळून बसण्याबद्दल. अॅप बनवणाऱ्याला पिवळा त्रिकोण दिसतो, सूत्राखाली निळी रेघ दिसते. वापरणाऱ्याला काहीच नाही. गेटवरच्या वॉचमनने गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे टाकले आणि रिकामी यादी आली, तर तो बिचारा नवी नोंद करणार. झाले एकाच गाडीचे दोन पास! त्यातही काही डेटा स्रोतांना डेलिगेशन मुळातच जमत नाही. तिथे तो त्रिकोणसुद्धा उगवत नाही, म्हणजे बनवणाराही अंधारात.

वेगळे पैसे मोजून मायक्रोसॉफ्टचाच डेटाव्हर्स हा डेटाबेस घेतला तर ‘सर्च’ आणि ‘सम’ सर्व्हरवर चालतात. पण बेरजेला तिथेही ५०,००० नोंदींची वेस आहे. शेअरपॉइंटवरच राहायचं तर आधी तारखेने गाळा, म्हणजे महिन्याच्या नोंदी मर्यादेच्या आत येतील, आणि मग बेरीज करा. लिस्ट ५,०००च्या पुढे जाणार असेल तर तारखेच्या रकान्याला वेळीच इंडेक्स लावा.

आणि अॅप लोकांच्या हाती देण्याआधी ती ५००ची मर्यादा थोडा वेळ १ करून बघा. जिथे भरपूर नोंदी यायला हव्यात तिथे एकच आली, तर ते सूत्र सर्व्हरपर्यंत पोचत नाही. चाचणी झाली की आकडा पूर्ववत करायला विसरू नका.