‘अडली’ या क्रियापदाविषयी : डुकरिणीच्या प्रसूतीतील एक भाषिक अडचण

पशुपालनाचा शब्दसंग्रह गोळा करण्याच्या कामी काही वर्षांपूर्वी सावंतवाडी तालुक्यातील एका वाडीत प्रस्तुत लेखकाचा मुक्काम असताना पुढील प्रसंग घडला. शेजारच्या घरी तीन डुकरिणी होत्या. यॉर्कशायर जातीच्या संकरातून झालेल्या, देशी डुकरिणींहून बऱ्याच मोठ्या. त्यांपैकी एक पहाटे विण्यास बसली. पाच पिल्ले झाली आणि पुढे काही होईना. घरधनिणीने पशुवैद्यांस दूरध्वनी केला : “डॉक्टरानू, डुकरीण अडली. सकाळधरून तशीच आसा.” “काकी, किती वेळ झाला?” असे त्यांनी विचारले. “चार तास तरी झाले,” हे उत्तर. डुकरिणीला चार तास लागणे नवलाचे नव्हे, म्हणून वैद्य हातातले काम संपवून निघाले. वस्तुतः चार तास हे पहिल्या वेणांपासूनचे होते. शेवटचे पिल्लू येऊन दोन तास लोटले होते. दरम्यान एका शेजाऱ्याने म्हशीला पान्हा फुटावा म्हणून घरी ठेवलेले ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन डुकरिणीस टोचले. वैद्य पोहोचले तेव्हा सहावे पिल्लू मार्गात आडवे पडलेले आढळले. ते हाताने काढल्यावर मागची चार निघाली, ती सर्व मेलेली. डुकरीण तेवढी वाचली.

या प्रसंगी कोणी निष्काळजीपणा केला असे म्हणवत नाही. घरधनिणीने खरे तेच सांगितले. वैद्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला. शेजाऱ्याच्या हाती ते औषध असणेच गैर होते, पण त्याचा हेतू वाईट नव्हता. घोटाळा झाला तो गाईम्हशींसाठी घडलेल्या भाषेने डुकरिणीची प्रसूती वर्णिल्यामुळे.

‘विणे’ हे क्रियापद पाहावे. त्याचे मूळ संस्कृत ‘विजायते’मध्ये आहे. ‘म्हैस विली’ असे म्हटले की घटना पूर्ण झाली. वासरू बाहेर आले, आता वार पडायची काय ती राहिली. एका पिल्लाच्या जनावराला हे रूप चपखल बसते. डुकरिणीच्या बाबतीत मात्र ‘विली’ म्हणावे असा एकच क्षण नसतो. तिच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगे असतात व दोन्हींतून पिल्ले उतरतात. दोन पिल्लांमधील अंतर सामान्यतः पंधरा-वीस मिनिटांचे असते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत दोन ते पाच तास जातात. वारही एकदम पडत नाही. काही भाग मध्येच पडतो व बराचसा शेवटी. म्हशीची वार पडली म्हणजे सुटका झाली, हा अनुभव येथे लावल्यास पोटात पिल्ले असतानाच माणूस हात धुऊन निघून जातो.

यावरून ‘किती वेळ झाला?’ हा प्रश्न किती संदिग्ध आहे हे ध्यानी येईल. म्हशीच्या बाबतीत वेळ मोजण्याचा आरंभबिंदू एकच, वेणांचा प्रारंभ. डुकरिणीच्या बाबतीत तो दर पिल्लागणिक बदलतो. निर्णय ज्याच्यावर घ्यावयाचा तो काळ शेवटच्या पिल्लापासूनचा होय. डुकरीण जोर करीत आहे आणि अर्धा तास पिल्लू नाही, तर तपासणी करावी. ती निवांत पडली असली तरी तासाभराहून अधिक थांबू नये.

आता ‘अडणे’. हे क्रियापद अकर्मक आहे. त्याचा कर्ता जनावर. काय अडले व कशाने, हे त्यात येतच नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीतही हरी कशामुळे अडला हे कोणी विचारीत नाही; त्याची असहायता तेवढी कळते. पशुवैद्यकाच्या दृष्टीने मात्र ‘डुकरीण अडली’ या एका वाक्याखाली दोन परस्परविरुद्ध अवस्था दडलेल्या असतात.

पहिली अवस्था गर्भाशय थकल्याची. डुकरिणीत ही अधिक आढळते. मार्ग मोकळा असतो, पण वेणा मंदावतात. उन्हाची काहिली, अतिशय लठ्ठपणा, बद्धकोष्ठ, रक्तातील कॅल्शियमची न्यूनता, बरीच वेते झालेले वय, किंवा नुसती दीर्घ प्रसूतीची दमणूक ही तिची कारणे. दुसरी अवस्था मार्ग बंद झाल्याची. पिल्लू आडवे येते, दोन पिल्ले एकदम तोंडाशी येतात, मागचे पाय दुमडून केवळ बूड पुढे येते, किंवा पिल्ले थोडी असल्याने एखादे फार मोठे झालेले असते. पहिलारू डुकरिणीचा मार्गच अरुंद असण्याचाही संभव असतो. येथे आरंभी वेणा जोरदार असतात, परंतु त्या चालूच राहिल्या तर गर्भाशय थकते आणि दुसऱ्या अवस्थेला पहिलीचे रूप येते. म्हणूनच बाहेरून पाहून निदान करणे धोक्याचे ठरते.

पहिल्या अवस्थेत ऑक्सिटोसिन उपकारक होते. दुसरीत तेच घातक ठरते. बंद दारावर गर्भाशय अधिकच आवळते, नाळ दाबली जाते व मागची पिल्ले गुदमरतात. क्वचित गर्भाशय फाटते. यास्तव हाताने तपासून मार्ग मोकळा असल्याची खात्री होण्यापूर्वी ते देऊ नये. पुढेही वैद्याच्या सांगण्याने, अल्प मात्रेतच द्यावे. मात्रा वाढविल्याने काम लवकर होते हा समज खोटा आहे. जास्त मात्रेने वेणांचा ठेका मोडून गर्भाशय नुसते ताठरते.

माणसांच्या बाळंतपणाची मराठी याबाबतीत पुष्कळ सूक्ष्म आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘वेणा थांबल्या’ आणि ‘मूल आडवे आले’ यांत सुईण कधी गल्लत करीत नाही. पायांकडून जन्मलेल्याला ‘पायाळू’ असा स्वतंत्र शब्दही आहे. (डुकरिणीची पुष्कळ पिल्ले पायाळूच असतात, तिच्यात ते चिंतेचे कारण नव्हे.) म्हणजे जो भेद हवा तो भाषेत आहेच, तो फक्त गोठ्यापर्यंत पोहोचलेला नाही. डुकरे पाळणारे समाज आणि मराठी लिहिणारे समाज यांत अंतर राहिले. आपल्या लिखाणात डुक्कर बहुधा शिवी म्हणून आले. त्याच्या वेणांचे वर्णन करण्याची गरज कोणाला भासली नाही.

‘पान्हा’ हा शब्दही येथे उद्बोधक ठरतो. तो संस्कृत ‘प्रस्नव’पासून आला. पान्हा सोडविणारे आणि वेणा आणणारे द्रव्य एकच, ते म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून रक्तात येणारे ऑक्सिटोसिन. झालेली पिल्ले सडांना लावली वा कास हलक्या हाताने चोळली, तर पान्ह्याबरोबर वेणाही वाढतात. डुकरिणीला उठवून चार पावले फिरविणे व दुसऱ्या कुशीवर निजविणे यानेही पुष्कळदा पिल्लू सरकते. सुईकडे वळण्यापूर्वीचे उपाय हे आहेत.

तपासणी करणाऱ्याने नखे काढावीत, हात कोपरापर्यंत साबणाने धुवावा, हातमोजा घालून त्याला भरपूर वंगण लावावे. पिल्लू लागल्यास डोके कानांमागे, अथवा मागचे दोन पाय गुडघीच्या वर धरून, वेणेबरोबरच ओढावे. वेण नसताना ओढू नये. हाताला काही न लागता डुकरीण जोर करीतच राहिली, तर पुनःपुन्हा हात घालीत बसू नये, वैद्यांस बोलवावे.

गर्भधारणेपासून सुमारे ११४ दिवस मोजण्याची रीत त्या घरी पूर्वीपासून होती : तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. दिवस भरत आले आणि डुकरीण गवत गोळा करू लागली, सडातून दुधाची धार येऊ लागली, की रात्रीची जाग असे. त्या प्रसंगानंतर घरधनीण गोठ्याच्या भिंतीवर दर पिल्लामागे खडूने वेळ लिहू लागली. पुढल्या वेताला वैद्यांस तिने सांगितले ते असे : “आठ झाली. आठव्याक अर्धो तास झालो. कळा आसत, पण पिल्लू येना नाय.” या तीन वाक्यांत वैद्याला लागणारे सर्व आले. त्यांनी दूरध्वनीवरच सुई न टोचण्यास बजावले व लगोलग निघाले. दोन पिल्ले एकमेकांत अडकली होती.

प्रसूतीनंतरच्या एका गोष्टीचा उल्लेख करतो. गाईम्हशींच्या चिकाचा खरवस होतो, त्यामुळे चीक म्हणजे माणसाच्या वाट्याची चैन अशी आपली धारणा बनली आहे. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लांकडे जात नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि साधारणतः चोवीस तासांनी पिल्लाच्या आतड्याची ती शोषण्याची शक्ती संपते. अडलेल्या प्रसूतीत उशिरा आलेली पिल्ले दुबळी असतात व सडापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांना पुसून, ऊब देऊन हाताने सडाला लावावे लागते. डुकरिणीने खाणे सोडले, अंग तापले, कास कडक झाली व पिल्ले भुकेने ओरडत राहिली, तर ‘दूध आटले’ एवढेच वैद्यांस न सांगता ही चारही लक्षणे सांगावीत.