शुक्राणूतील डीएनएची घडी आणि ‘डीएनए फ्रॅग्मेंटेशन’ चाचणी

लागोपाठ दोनदा गर्भपात झाला की तपासण्या बहुतेक वेळा पत्नीच्याच होतात. पतीचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असेल, तर त्याच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. पण या तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार कळतो. त्यांच्यातला डीएनए धड आहे की तुटलेला, हे कळत नाही.

एवढा डीएनए मावतो कसा?

एका शुक्राणूतील डीएनए उलगडला तर जवळपास १ मीटर भरेल. शुक्राणूचे डोके मात्र जेमतेम ४ ते ५ मायक्रॉन लांब असते.

डीएनए हा सुमारे २ नॅनोमीटर जाडीचा, पण बऱ्यापैकी ताठ धागा आहे. पाण्यात तो थोडा असेल तर कसाही पसरतो. दाटी वाढली की धागे आपोआप एकमेकांना समांतर होतात. डब्यात चारच उदबत्त्या टाकल्या तर त्या आडव्यातिडव्या पडतात. ठासून भरायच्या तर एकाच दिशेने लावाव्या लागतात, तसेच हे. द्रवासारखी सरकण्याची मुभा आणि स्फटिकासारखी शिस्त दोन्ही असलेल्या या अवस्थेला द्रव-स्फटिक, म्हणजेच लिक्विड क्रिस्टल म्हणतात. मोबाइल-टीव्हीच्या एलसीडी पडद्यातील पदार्थ वेगळे असतात, पण तत्त्व हेच.

शुक्राणूत ही दाटी प्रोटामिन नावाची प्रथिने घडवतात. डीएनएवर ऋण विद्युतभार असल्याने धागे एकमेकांना दूर ढकलतात. प्रोटामिनवरील धन भार हा विरोध मोडतो आणि धागे घट्ट जवळ येतात. शुक्राणूंच्या डोक्यातील ही शिस्तबद्ध रचना विल्किन्स आणि रँडल या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्येच क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवली होती.

घडी सैल झाली तर?

तयार झालेल्या शुक्राणूला स्वतःचा तुटलेला डीएनए दुरुस्त करता येत नाही. घट्ट घडी हेच त्याचे चिलखत. ती सैल राहिली, तर शरीरातील ऑक्सिडीकरण करणारे घटक धागे तोडू शकतात. धूम्रपान, अंडकोषातील शिरा फुगणे म्हणजे व्हेरिकोसील, जंतुसंसर्ग, जास्त ताप, अति उष्णतेतील काम आणि वाढते वय ही त्याची काही कारणे आहेत.

चाचणी कोणी करावी?

‘डीएनए फ्रॅग्मेंटेशन इंडेक्स’ म्हणजे डीएनए तुटलेल्या शुक्राणूंची टक्केवारी. काही पद्धतींत ३० टक्क्यांच्या वरचा आकडा जास्त समजला जातो. मात्र पद्धती वेगवेगळ्या असल्याने दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करू नका.

मूल होत नाही म्हणून पहिल्यांदाच तपासणीला आलेल्या प्रत्येक जोडप्याला ही चाचणी लागत नाही. वारंवार गर्भपात होत असतील, तर तिचा विचार करता येतो. आकडा जास्त आला म्हणजे मूल होणारच नाही, असेही नाही. स्त्रीबीजात काही प्रमाणात दुरुस्ती करण्याची क्षमता असते.

तुम्ही काय करू शकता?

• सिगारेट, विडी, तंबाखू बंद करा.
• मांडीवर लॅपटॉप, खूप गरम पाण्यात बसणे टाळा.
• व्हेरिकोसील आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.
• नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल, तर चाचणीपूर्वी डॉक्टरांना सांगा.
• ताकदीसाठी म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने स्वतःहून घेऊ नका. त्यांनी शुक्राणूंची निर्मितीच थांबू शकते.
• अँटिऑक्सिडंट गोळ्यांवर मोठा खर्च करण्याआधी विचारा. त्यांचा फायदा अजून खात्रीने सिद्ध झालेला नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे सवयी बदलल्यावर पुन्हा चाचणी करायची असेल, तर किमान ३ महिने थांबा.

आणि घरातल्या सर्वांसाठी एक गोष्ट. सुरुवातीच्या गर्भपातांचे सर्वांत मोठे कारण गर्भातील गुणसूत्रांचा दोष हे असते. तो कोणाच्या चुकीने होत नाही. दोष सुनेवर किंवा मुलावर ढकलण्यापेक्षा दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जावे. पतीची तपासणी सोपी असते, ती शेवटी ढकलू नका.