वाट चुकलेल्यांचे घर



बेणे, लागण, पाणी आणि खतांच्या मात्रा यांविषयी आम्ही या पानांतून नेहमी लिहीत असतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे, पण आपल्या कामाशी त्याचा संबंध आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात परमुलखातली माणसे येतात. तोडणीवाले येतात, ट्रकवाले येतात, टायरगाड्या येतात. या गर्दीत एखादा असाही माणूस दिसतो की ज्याला कुणी आणलेले नसते. अंगावर चिंध्या, केसांच्या जटा, तोंडाने आपलेच काही पुटपुटणे. पोरे दगड मारतात, कुणी भाकरी टाकते, आणि मंडळी म्हणतात, "वेडा आहे, सोडून द्या." अशा माणसांसाठी रायगड जिल्ह्यात एक घर आहे. त्याची ही माहिती.

कर्जत म्हटले की घाटावरच्या माणसाला नगरकडचे कर्जत आठवते. हे कर्जत ते नव्हे. बोरघाट उतरून खाली गेले की रायगडातले कर्जत लागते. याच जिल्ह्याच्या एका अंगाला अलिबाग-मुरूडचा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचा पायथा. त्या पायथ्याशी कर्जत तालुक्यात वेणगाव आहे. सत्तावनच्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचे जन्मगाव म्हणून हे गाव ओळखले जाते. तेथे २००६ साली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र उभे राहिले. रस्त्यावर भटकणाऱ्या बेवारस मनोरुग्णांना तेथे आणतात, त्यांच्यावर उपचार करतात, आणि बरे वाटू लागले की त्यांना त्यांच्या गावी नेऊन पोचवतात.

हे काम डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केले. दोघेही मनोविकारतज्ज्ञ. एकदा त्यांना रस्त्यात एक तरुण दिसला. नारळाच्या करवंटीने तो गटाराचे पाणी पीत होता. त्यांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेले, उपचार केले. तो बोलू लागला तेव्हा कळले की गडी चांगला शिकलेला आहे, आंध्रातल्या घरंदाज कुटुंबातला आहे. त्याच्या घरच्यांना कळवले आणि तो घरी गेला. रस्त्यावरच्या 'वेड्या'ला बाप असतो, घर असते, शिक्षणही असते, हे त्या एका माणसाने दाखवून दिले.

पुढे दहिसरला वीसेक रुग्णांची सोय झाली. त्यासाठी चित्रकारांनी आपली चित्रे देऊन निधी उभा करायला हात लावला. शेजाऱ्यांचा विरोधही झाला. आपल्या दाराशी वेडे नकोत, ही भावना शहरात आहे तशी खेड्यातही आहे. नंतर बाबा आमटे यांच्या भेटीतून काम वाढवण्याचे बळ मिळाले. बाबांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हातात कुदळ-फावडे दिले आणि माळरानावर शेती पिकवून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. वेणगावचे केंद्र त्याच वाटेने गेले. तेथे मोकळी जागा आहे, झाडे आहेत, भाजीपाला आहे. ज्याला झेपेल त्याने मातीत हात घालावा, अशी रीत आहे. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोपर्यंत सात हजारांहून अधिक माणसे या संस्थेने घरी पोचवली होती.

आता तेथील काम कसे चालते ते पाहू. आणलेल्या माणसाला आधी आंघोळ, केस कापणे, स्वच्छ कपडे आणि पोटभर जेवण. मग तपासणी आणि औषध. यातले पुष्कळ जण स्किझोफ्रेनिया या आजाराचे असतात. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, घरचेच जिवावर उठले आहेत असे वाटते, आणि त्या भीतीने माणूस घर सोडतो. स्टेशनवर येतो, समोर दिसेल त्या गाडीत बसतो आणि हजार मैलांवर उतरतो. भाषा परकी, खिसा रिकामा, आणि डोके ठिकाणावर नाही. औषध लागू पडले की काही आठवड्यांत बोलणे सुसंगत होऊ लागते. एके ठिकाणी राहून, एका पंगतीत जेवून, एकमेकांची भाषा येत नसताना ही माणसे पुन्हा माणसांत येतात. मग गावाचे नाव, नदीचे नाव, बापाचे नाव असे एकेक आठवू लागते. तेवढ्या धाग्यावर समाजसेवक त्याला बरोबर घेऊन रेल्वेने निघतात आणि घर शोधतात.

या आजारावर औषध नाही, हा जुना समज आहे. १९५२ पासून त्यावर परिणामकारक गोळ्या उपलब्ध आहेत आणि पुढे त्यांत सुधारणाही झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने साधारण ३०० माणसांत एकाला स्किझोफ्रेनिया असतो. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात अशी दहा माणसे निघू शकतात. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण कुणी घरात कोंडलेला असतो, कुणाला देवऋष्याकडे नेलेले असते, आणि कुणी निघून गेलेला असतो. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. त्यांना पळताच आले नाही.

काणी आलेले उसाचे बेट आम्ही उपटून जाळायला सांगतो, कारण त्यापासून शेजारचा ऊस बिघडतो. पुष्कळ लोक माणसालाही तोच नियम लावतात. पण हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा त्याला गावाबाहेर काढून कुणाचे भले होत नाही.

काही ठिकाणी तर अशा माणसाला रात्री ट्रकमध्ये बसवून दुसऱ्या तालुक्यात सोडून देण्याची पद्धत आहे. आपल्या हद्दीतली ब्याद गेली, एवढेच पाहिले जाते. पण त्याचे घर आणखी शंभर मैल लांब जाते, याचा विचार कुणी करत नाही. उलट एक उदाहरण सांगतो. मागे एका हंगामात आमच्या एका गट ऑफिसजवळ असाच एक जण येऊन राहिला. आमचा चिटबॉय त्याला रोज चहा देई आणि गाव विचारी. उत्तर मिळत नसे. एक दिवस उसाच्या ट्रकच्या क्लीनरने त्याचे पुटपुटणे ऐकले आणि ही आपल्याकडची उडिया बोली आहे असे सांगितले. चिटबॉयने ते पोलीस पाटलांना सांगितले, पाटलांनी ठाण्यात कळवले, आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेण्यात आले. यात कुणाला पैसा खर्च करावा लागला नाही. विचारपूस केली, एवढेच.

कायदाही आता स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ प्रमाणे भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे पोलिसांचे काम आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याचे घरचे लोक शोधणे, हेही ठाण्याचे काम आहे. साखळीने बांधण्याला या कायद्याने बंदी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असल्याने नियमात बसणाऱ्यास दिव्यांगत्वाचा दाखलाही मिळतो.

घरी पोचल्यावर काम संपले असे समजू नये. आपल्याकडे लागणीला जेवढे जपतात तेवढे खोडव्याला जपत नाहीत. ऊस आपोआप फुटतो, मग खत-पाणी कशाला, असे म्हणतात आणि उतारा घटला की नशिबाला दोष देतात. घरी आलेल्या माणसाचे पहिले वर्ष खोडव्यासारखे असते. बरा दिसतोय म्हणून गोळ्या बंद केल्या की बहुतेकांचा आजार उलटतो आणि माणूस पुन्हा निघून जातो. गोळी कधी कमी करायची ते डॉक्टरनेच ठरवायचे.

दुसरी अडचण जमिनीची. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मयत धरून पुढची कामे करता येतात. एवढ्या काळात सातबाऱ्यावरची नावे बदलतात, वाटण्या होतात. मग परत आलेला भाऊ सर्वांनाच गोड लागतो असे नाही. डॉक्टरने माणूस शुद्धीवर आणला आणि घरच्याने दार लावले, तर केलेले सगळे वाया जाते. त्याचा वाटा त्याला मिळेल, निदान त्याची भाकरी आणि औषध चुकणार नाही, एवढे भावकीने बसून ठरवावे. गावातल्या चार जाणत्यांनी त्यासाठी शब्द टाकावा.

सभासदांनी लक्षात ठेवाव्यात अशा गोष्टी थोडक्यात देतो. अनोळखी माणूस दिसल्यास त्याला हाकलू नये. पाणी-भाकरी द्यावी, शांतपणे नाव-गाव विचारावे आणि पोलीस पाटील किंवा ठाण्यात कळवावे. आपल्या घरचा कुणी गेला असेल तर तक्रार त्याच दिवशी नोंदवावी आणि अलीकडचा फोटो द्यावा. लाजेपोटी थांबू नये, कारण दोन दिवसांत रेल्वे त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला नेते. उपचारासाठी ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातही विचारता येते. 'टेली मानस' ही सरकारी फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

तोडणीच्या टोळ्या उतरल्या आहेत. फडावर, गाडीतळावर किंवा वजनकाट्याजवळ असे कुणी दिसल्यास आपल्या गटाच्या चिटबॉयला सांगावे. पुढची निरोपानिरोपी आम्ही करू.