जुन्या बसचा ब्रेक व हवेंतील पाणी

शेतकऱ्यांच्या मासिकांत बसच्या ब्रेकविषयीं लेख कशासाठीं, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, आमच्या गांवच्या संस्थेनें जी जुनी बस विकत घेतली आहे, तिच्यांतून सभासदांचीं मुलें घाट उतरून हायस्कुलांत जातात, आणि बाजारच्या दिवशीं सभासद स्वतः भाजीच्या पाट्यांसह तींत बसतात. शिवाय ज्यांच्या दारीं हवेच्या ब्रेकाचा ट्रक आहे, त्यांसही पुढील मजकूर तितकाच लागू आहे.

गेल्या श्रावणांत एके सकाळीं घाटाच्या दुसऱ्या वळणावर चालकानें ब्रेक दाबला, तो नेहमींपेक्षां उशिरां व अर्धवट लागला. चालक प्रसंगावधानी होता म्हणून त्यानें दरीची बाजू सोडून डोंगराकडील गटारांत चाक घातलें व गाडी थांबविली. आंत अडतीस मुलें होतीं. आमचा नातूही त्यांत होता. कोणासही इजा झाली नाहीं. सायंकाळीं चालक आमच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, पाय पुरा दाबला होता, पण दाब चाकापर्यंत पोंचलाच नाहीं. उद्यां मीं ही गाडी काढायची नाहीं, असें तुम्हीच कमिटीला सांगा." आम्हीं तें त्याच रात्रीं सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं बसखालच्या हवेच्या टांक्यांचे तळाचे नळ उघडले, तेव्हां तांबूस व तेलकट पाणी निघूं लागलें, आणि बादली निम्मी भरली. हवेच्या टांकींत पाणी कोठून आलें, हा प्रश्न कमिटींतील बहुतेकांस पडला. आमचा जन्म महसूल खात्यांतील हिशेबांत गेला, म्हणून तो हिशेबानेंच मांडतों. ३० अंश सेंटिग्रेडच्या ओलसर हवेच्या एका घनमीटरांत सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफरूपानें राहूं शकतें. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा ८ बारच्या आसपास दाबतो. म्हणजे बाहेरची ९ घनमीटर हवा एका घनमीटरांत कोंबली जाते. नऊ घनमीटरांचें पाणी झालें २७० ग्रॅम. ती हवा टांकींत निवाली कीं तिला धरतां येतें तें ३० ग्रॅमच. बाकीचें २४० ग्रॅम पाणी होऊन तळाशीं बसतें. पावसाळ्यांत घाटावरची हवा किती ओली असते, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको.

हें पाणी टांकींतील जागा अडवितें, त्यामुळें हवेचा सांठा कमी पडतो. तें व्हाल्वांतील वंगण धुवून नेतें व लोखंड गंजवितें. जेथें बर्फ पडतें, तेथें तें नळींत गोठून ब्रेकच अडवितें. हवेचा ब्रेक कांहीं नवा नव्हे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं १८६९ सालीं आगगाडीकरितां त्याचें पेटंट घेतलें. हवा वाळविण्याची सोय मात्र गाड्यांवर बरीच मागाहून आली. तिला मेकॅनिक लोक एअर ड्रायर म्हणतात. त्याच्या डब्यांत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. कॉम्प्रेसरची हवा त्यांतून गेली म्हणजे कोरडी होऊन टांकीस मिळते. दाब पुरा झाला कीं खालचें झांकण फटकन उघडतें, सांचलेलें पाणी व तेल बाहेर फेंकलें जातें, आणि एका लहान टांकींतील थोडी कोरडी हवा उलट्या वाटेनें दाण्यांतून जाऊन त्यांची ओल घेऊन जाते. कणगींतील दमट धान्य पुन्हां उन्हांत घालावें, तसाच हा प्रकार आहे.

आमच्या बसवर ड्रायर होता. पण त्यांतील दाणे तेलानें काळे पडून त्यांचा चिखल झाला होता. एका सभासदाचें म्हणणें पडलें कीं, रोज नळ उघडून पाणी सोडलें तर नवा ड्रायर कशाला? रोज नळ उघडावा हें खरेंच. परंतु दोन टांक्यांच्या मधल्या नळ्यांतील व व्हाल्वांतील पाणी नळ उघडल्यानें निघत नाहीं.

नवा ड्रायर आणला, तेथें आमची एक चूक झाली. दुकानदारानें जो दिला, त्यांत दाब पुरा झाल्यावर हवा सोडून देणारा नियामक अंगचाच होता, आणि आमच्या जुन्या बसवर कॉम्प्रेसर व टांकी यांच्या दरम्यान तसाच दुसरा स्वतंत्र नियामक होता. दोन्ही तसेच राहिले. जुना थोड्या कमी दाबावर आधीं उघडे, त्यामुळें नव्याचा दाब कधीं पुरा भरेना, झांकण उघडेना, व दाणे ओलेच राहत. दोन दिवस कोणास उमगेना. एका सातबाऱ्यावर दोन तलाठ्यांनीं नोंदी कराव्या, तशी ती गत झाली. अखेरीस जुना काढून टाकला, तेव्हां काम सुरळीत झालें. म्हणून खरेदीपूर्वीं आपल्या गाडीवर काय आहे तें पाहूनच मागणी करावी.

बसविण्याची रीत अशी. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दोन्ही बाजूंनीं ओंडके लावावे. हवा गेल्यावर निव्वळ ब्रेकावर भरंवसा ठेवूं नये. सर्व टांक्या रिकाम्या करून कांटा शून्यावर आल्याखेरीज एकही नळी सैल करूं नये, नाहींतर डोळ्यास अपाय होतो. प्रत्येक नळीस खुणेची चिंधी बांधावी. ड्रायरच्या तोंडांवर आंकडे कोरलेले असतात: १ म्हणजे कॉम्प्रेसरकडून येणारी हवा, २१ टांक्यांकडे जाणारी, २२ लहान टांकीची आणि ३ बाहेर फेंकण्याचें तोंड. तें तोंड खालीं असावें. कॉम्प्रेसरची नळी सतत उतरती न्यावी. मध्यें झोळ राहिला तर तेथें पाणी सांचतें. आमची ती नळी आंतून काजळीनें निम्मी बुजली होती. ती नवीच घातली. प्लंबर वापरतात ती पांढरी फीत जोडांस गुंडाळूं नये, कारण तिचे तुकडे व्हाल्वांत जाऊन अडकतात.

मग इंजिन चालू केलें. कांटा ८ बारच्या जवळ जातांच ड्रायरनें फुस्स केलें, तेव्हां जमलेली पोरें हंसलीं व आमचाही जीव खालीं पडला. इंजिन बंद करून साबणाचें पाणी लावतां २२ च्या जोडावर बुडबुडे दिसले. तो जोड आवळला. नंतर रिकामी बस घाटांत नेली. चालक, मेकॅनिक व आम्ही, तिघेच होतों. दुसऱ्या वळणावर ती जागच्या जागीं थांबली.

मुलांचें जाणेंयेणें एकंदर नऊ दिवस टेंपोनें झालें. चालक अद्यापि रोज सायंकाळीं टांक्यांचे नळ उघडतो व वहींत "कोरडें" किंवा "ओलें" असें लिहितो. भाद्रपदापासून "ओलें" दोनदांच आलें. दुसऱ्या वेळीं पाण्यांत तेलाचा तवंग होता. कॉम्प्रेसर झिजला आहे, आणि तेल असेंच येत राहिलें तर नवे दाणेही जुन्यांच्या वाटेनें जातील. त्या कामाचा खर्च पुढील सभेपुढें ठेविला आहे.