मधाचें बोट

जूनच्या पहिल्या पावसांत आपल्याकडे शाळेच्या दारीं जें रडें ऐकूं येतें, तेंच इस्राएलांत सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस भर उन्हांत ऐकूं येतें. तीन वर्षांचें मूल, पाठीवर त्याच्याहून ऐसपैस पिशवी, आणि मुठींत घट्ट धरलेलें आईचें बोट. तेथें तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचें व विनामूल्य आहे. या नियमाची देशभर अंमलबजावणी २०१२ सालापासून होऊं लागली. म्हणजे हा ताटातुटीचा प्रसंग कोणत्याच घरास चुकत नाहीं.

या बालवर्गास हिब्रूंत ‘गान’ म्हणतात. गान म्हणजे बाग, आणि शिकविणाऱ्या बाई म्हणजे ‘गनेनेत’, माळीणच म्हणा ना! फ्रोबेलनें १८४० सालीं जर्मनींत आपल्या बालशाळेस दिलेल्या नांवाचाच हा हिब्रू अवतार होय. पहिली हिब्रू बालबाग १८९८ सालीं रिशोन लेझियोन या वसाहतींत निघाली. त्या काळीं हिब्रू ही प्रार्थनेची व पोथीची भाषा. घरोघर बोली निराळी. खेळण्यांना सुद्धां शब्द नव्हते. ते घडविले, मुलांच्या तोंडीं घातले, आणि मुलांनीं ते घरीं आयांना शिकविले. मेलेली म्हणून ठरलेली भाषा अशी पोरांच्या पायांनीं घरांत शिरली.

वर्षारंभाची खरी अडचण आहे पंचांगाची. यहुदी महिने चांद्र, व एकोणीस वर्षांत सात अधिक मास. त्यामुळें तिश्री महिन्यांतील नववर्ष मागेंपुढें सरकतें. २०१३ सालीं तें ५ सप्टेंबरास आलें, म्हणजे शाळा उघडते न उघडते तोंच सण! उलट २०२४ सालीं तें ३ ऑक्टोबरास, आपल्या घटस्थापनेच्याच दिवशीं पडलें. नववर्षानंतर दहाव्या तिथीस प्रायश्चित्ताचा उपवास, पंधराव्या तिथीपासून मांडवांचा सण. मूल रुळतें न रुळतें तोंच सुट्टी, आणि सुट्टी संपली कीं रडें पुन्हां पहिल्यापासून. म्हणून आरंभीं कांहीं दिवस वर्ग थोडा वेळच भरतो, व आईस जवळ बसूं देतात. मुलाचें लक्ष चुकवून निसटणारी आई तेथेंही असतेच. परंतु सांगून, निरोप घेऊन जावें, हेंच बरें. फसविलेलें मूल दुसऱ्या दिवशीं अधिक बिलगतें.

तथापि हेच सण माळीणबाईंच्या उपयोगीं पडतात. नववर्षासाठीं सफरचंदाच्या फोडी मधांत बुडवून मुलें खातात. मेंढ्याच्या शिंगाचें ‘शोफार’ फुंकून पाहतात, आणि त्यांतून बहुधा नुसती फुरफुर निघते! मधाची ही युक्ति जुनीच. बाराव्या-तेराव्या शतकांत जर्मनी-फ्रान्सकडील यहुदी लोक शावुओतच्या सणास मुलाला शालींत गुंडाळून गुरूकडे नेत, मांडीवर बसवीत, आणि पाटीवरील अक्षरांवर मध लावून तो त्यास चाटावयास देत. मात्र तो मान मुलाचाच. मुलगी घरींच राही.

आतां मुलींची वाण भरून निघाली आहे. दर शुक्रवारीं बालबागेंत शब्बाथाचें स्वागत होतें, व वर्गांतील एक मुलगी ‘शब्बाथची आई’, एक मुलगा ‘शब्बाथचा बाप’ ठरतो. पांढरें टेबलपीस, दोन मेणबत्त्या, ‘हल्ला’ नांवाची वळलेली पोळी, द्राक्षांचा रस. आपली भातुकलीच जणूं, पण खऱ्या मंत्रांसह. सोमवारीं हमसून रडणारी मुलगी आपली पाळी केव्हां येईल हें विचारूं लागली, कीं माळीणबाई निश्चिंत होतात.

आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल या नववर्षास ‘नव्याचा सण’ म्हणत. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएलांत गेलीं. दिमोना, अश्दोद, लोद येथें स्थिरावलीं. तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकही निघालें. अशा घरांतील नातू बालबागेंतून परततो, आणि ‘आजी’ ऐवजीं ‘साव्ता’ अशी हांक मारतो. १८९८ मध्यें ज्या वाटेनें नवे शब्द घरांत शिरले, तीच ही वाट. फरक इतकाच, कीं येथें मागें सरणारी भाषा आपली आहे. आजी हांकेला ओ देते, मराठींतच, आणि त्याच्या पुढ्यांत ताट मांडते.