सागाच्या बीजांकुरणावर परिणाम करणारे घटक

कल्याण-शीळ रस्ता मुंब्रा-पनवेल मार्गास जेथे मिळतो, त्या शीळफाट्याभोवती आज वस्ती दाट झाली आहे. तथापि लगतच्या पारसिक डोंगरावर पानझडी वनाचे अवशेष अद्याप आढळतात. ठाणे जिल्ह्यातील अशा वनांत साग व पळस हे दोन्ही वृक्ष असले, तरी त्यांच्या बीजांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. पळसाचे बी उन्हाळ्याच्या अखेरीस शेंगेसह गळते आणि पावसाबरोबर रुजते. हिवाळ्यात पक्व झालेले सागाचे फळ मात्र पुष्कळदा पावसाळाभर तसेच पडून राहते व पुढील वर्षी अंकुरते.

रोपवाटिकेत ज्यास सागाचे ‘बी’ म्हणतात, ते वस्तुतः संपूर्ण फळ होय. बाहेर लवदार मध्यकवच, आत अत्यंत कठीण अंतःकवच आणि त्यात चार कप्पे अशी त्याची रचना असते. प्रत्येक कप्प्यात एक बी असावयाचे; पण बहुधा एक-दोनच कप्पे भरतात आणि काही फळे सर्वस्वी पोकळ निघतात. अंतःकवचाचा विरोध मोडण्यास ओलावा व उष्णता आलटून पालटून मिळावी लागते. फळे रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळविण्याची रोपवाटिकेतील जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. मध्यकवच कुजून गेल्यावरही अंकुरण सुधारते. सावलीपेक्षा उघड्या, तापणाऱ्या जमिनीत फळे अधिक रुजतात. पाणी साचून राहिले तर मात्र प्राणवायूच्या अभावी गर्भ कुजतो. वर्षभर साठविलेली फळे ताज्या फळांहून बहुधा बरी रुजतात, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावयास हवी.

खरी अडचण मोजणीत आहे. समजा, १०० फळांपैकी ४० फळांतून रोपे निघाली. एकाहून अधिक रोपे देणारी फळे धरता रोपांची संख्या ५० झाली. फळांच्या हिशेबाने अंकुरण ४० टक्के ठरेल. या १०० फळांत भरलेली बीजे १०० असल्यास ते ५० टक्के, आणि १५० असल्यास सुमारे ३३ टक्के होईल. तेव्हा दोन ठिकाणच्या फळांतील फरक प्रक्रियेचा की मुळातील पोकळ कप्प्यांचा, हे केवळ फळे मोजून कळणे शक्य नाही. त्यासाठी प्रयोगापूर्वी त्याच साठ्यातील काही फळे फोडून भरलेले कप्पे मोजावे लागतात; प्रयोगाअंती न रुजलेली फळेही फोडून त्यांतील बीज सुप्त, मृत की मुळातच अनुपस्थित, याची स्वतंत्र नोंद करावी लागते.